डावा कान यंत्राचा

बाबांच्या मशीनरूममध्ये, दारापासून चार पावलांवर, एक लोखंडी स्टूल होतं. सव्वीस वर्षं ते एकाच जागी होतं, इतकं की त्याच्या पायांनी फरशीत चार खळगे पाडले होते. त्यावर बसलं की समोर दाबाचे काटे दिसायचे, उजव्या हाताला दार, आणि डाव्या हाताला तीन कॉम्प्रेसर. तिथे बसून तुम्ही काय करता, असं मी लहानपणी विचारलं होतं. बाबा म्हणाले, "ऐकतो."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्यांचं काम खरोखर तेच होतं. ते शीतगृहात होते. मटार, मका, फळांच्या फोडी गोठवून ठेवायचा कारखाना. घरच्या फ्रिजच्या मागे जे गुरगुरतं, त्याचाच हत्तीएवढा भाऊ म्हणजे हा कॉम्प्रेसर. फरक इतकाच, की याच्या पोटात अमोनिया फिरतो. नळ्यांच्या आत आहे तोवर तो थंडावा देतो. बाहेर आला तर डोळे, घसा, छाती, जे सापडेल ते भाजून काढतो. यंत्रानं फक्त वायू ओढायचा असतो. कधी त्याच्या घशात द्रव गेला, तर आतून ठोका येतो. बंद पेटीत कुणी हातोडी मारावी तसा. तो वेळेवर ऐकू आला तर लाल बटण दाबून यंत्र थांबवता येतं. नाही आला तर आतल्या झडपा तुटतात, आणि त्यानंतर काय काय फुटेल याचा नेम नसतो.

तरुणपणी दुसऱ्या एका कारखान्यात बाबांनी ते एकदा पाहिलं होतं. काय पाहिलं ते आम्हाला कधी सांगितलं नाही. फक्त काचा पुसायचं निळं औषध आमच्या घरात कधी आलं नाही, कारण त्याला अमोनियाचाच वास असतो. कुणाच्या घरी तो वास आला की बाबा चहा अर्धा टाकून बाहेर जाऊन उभे राहायचे.

मशीनरूमची मागची भिंत म्हणजे पॅकिंगच्या हॉलची पुढची भिंत. त्या हॉलमध्ये चाळीस बायका स्वेटर आणि हातमोजे घालून मटार निवडतात, पिशव्या भरतात. त्यातली एक माझी आई.

दर तासाला बाबा हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन उठायचे. टोक यंत्राच्या अंगाला, मूठ डाव्या कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले. डॉक्टर छातीला नळी लावतात ना, तसंच. पाहणीला आलेले इंजिनियर गालात हसायचे. मग बाबा म्हणायचे, "दोन नंबरचं बेअरिंग महिनाभरात बोंबलणार." आणि ते महिनाभरात बोंबलायचं. शेजारपाजारचे लोक बंद पडायला आलेला पंखा दाखवायला बाबांना बोलवायचे. बाबांच्या कानांचा आम्हाला अभिमान होता. आईला जरा कमी.

जेवताना ती त्यांच्या डावीकडे बसते.

"अजून वाढू का?"

उत्तर नाही.

"भिंतीपलीकडून यंत्राची सर्दी कळते तुम्हाला, आणि बायको मांडीला मांडी लावून बसलीय ती ऐकू येत नाही."

"ऐकलं गं."

"काय ऐकलं?"

"नेहमी म्हणतेस तेच."

यावर आम्ही सगळे हसायचो. ते हसणं आता आठवायला नको वाटतं.

बाबांना कादंबऱ्यांचं वेड. वाचनालयातलं पुस्तक डब्याच्या पिशवीत घालून न्यायचे आणि दोन फेऱ्यांच्या मधे वाचायचे. नवे मॅनेजर आले आणि त्यांनी कामावर वाचायला बंदी केली. डोळे काट्यांवर हवेत, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. घरी आल्यावर बाबांचे डोळे दुखायचे, त्यामुळे पुस्तक जे सुटलं ते सुटलंच.

मी मोजमापाच्या उपकरणांचा डिप्लोमा केलाय आणि एका कंपनीत दाबाचे, तापमानाचे मीटर तपासते. असल्या मुलीला लगेच उपाय सुचतो. मी त्यांच्या फोनवर ऑडिओबुकचं ॲप टाकलं आणि वायरचा इयरफोन आणून दिला.

"वाचायला बंदी आहे, ऐकायला कुठंय?" मी म्हणाले.

"कान कामाचे आहेत माझे."

"दोन आहेत ना? एक द्या."

बाबांनी दोन दिवस विचार केला. मग नियम ठरवला : उजवा कान पुस्तकाचा, डावा कान यंत्राचा. स्टुलावर बसलं की यंत्रं डावीकडे, म्हणून डावा त्यांचा. इयरफोनचं एक टोक उजव्या कानात, दुसरं शर्टाच्या खिशात. दोन्ही टोकांना एकच आवाज यावा असं सेटिंगही मी करून दिलं, म्हणजे अर्धं पुस्तक खिशाला ऐकू जायला नको. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

आठ महिन्यांत बाबांनी अकरा पुस्तकं ऐकली. बारावं भीतीचं निघालं. एक म्हातारं जोडपं भाड्याचं घर घेतं. वरचा मजला मालकानं कुलूप लावून ठेवलेला, आणि वर कुणीतरी चालतं. बेचाळीस भाग होते. वाचणारी बाई सावकाश, दम खात वाचायची, आणि मधूनच वरच्या पावलांचा आवाज यायचा. ठक. ठक. बाबांना घाम फुटायचा, तरी ते थांबायचे नाहीत. संध्याकाळी तो भाग ते आईला सांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी आई भिंतीच्या त्या बाजूला बाकीच्या जणींना सांगायची.

"त्यांना म्हणावं घर बदला," आई म्हणायची. "भाडं आपण भरायचं आणि वर कोण राहतंय तेही माहीत नाही, हा काय प्रकार?"

"अगं, मग गोष्ट कशी होणार?"

"गोष्टीसाठी जीव द्यायचा का त्या बाईनं?"

एका मंगळवारी बाबांच्या उजव्या कानात फोड आला. इयरफोन टेकला तरी ठणका लागायचा. तेवीस भाग झाले होते, आणि म्हातारा नुकताच जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा राहिला होता. बाबांनी तेच टोक काढून डाव्या कानात घातलं. एका दिवसापुरता नियम मोडला.

संध्याकाळी आल्या आल्या त्यांनी फोन माझ्यापुढे ठेवला. "हे बिघडलं. उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखं येतंय. शब्द लागत नाही."

मी टोक कानात घातलं आणि दचकून ओढून काढलं. आवाज पूर्ण वाढवलेला होता. वाचणारी बाई अक्षरशः किंचाळत होती.

"बाबा, एकदम व्यवस्थित आहे हे. कान फाटतील की इतक्या आवाजानं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ते टोक दुखऱ्या उजव्या कानाजवळ नुसतं धरलं. परत डाव्या कानात. परत उजव्या कानाजवळ.  

"चालू आहे," ते म्हणाले. "राहू दे."

थोड्या वेळानं मी पाणी घ्यायला उठले, तर बाबा भिंतीवरच्या घड्याळाखाली उभे होते. उजवा कान घड्याळाकडे करून थांबले. मग वळले आणि डावा कान वर केला. बराच वेळ थांबले. एखादा माणूस बंद दाराशी आतून आवाज येतोय का बघतो, तसे.

मला तेव्हा कळलं. आणि त्यांच्या स्क्रूड्रायव्हरनं त्यांना इतकी वर्षं कसं फसवलं तेही लगेच कळलं, कारण हे आम्हाला शिकवलेलं असतं. हाडातून गेलेला आवाज एका बाजूला राहत नाही, सगळ्या कवटीत पसरतो. मूठ डाव्या कानामागे लावली, तरी ऐकत होता तो उजवा कान. दर तासाला बाबा डाव्या कानाची परीक्षा घेत होते आणि पेपर उजवा सोडवत होता.

"कधीपासून?" मी हळू विचारलं.

"ते नको विचारू." ते खुर्चीवर बसले. "उजव्यात पुस्तक होतं. डावा हा असा. मग आठ महिने यंत्र कोण ऐकत होतं?"

 आत आई भांडी लावत होती. आज पॅकिंगमध्ये काय झालं ते आतूनच सांगत होती, आणि बाबा "हं" म्हणत नव्हते.

मग त्यांनी भलतंच मागितलं.

"एकोणिसावा भाग लाव. मोठ्यानं. दोघं चहा पितात तिथून."

मी लावला. म्हातारा-म्हातारी चहा पीत होती, जुन्या पत्रांबद्दल बोलत होती. बाबा पुढे झुकून ऐकत होते. पाच मिनिटं गेली, सात गेली. भाग संपला.

"इथे पावलं वाजली होती," बाबा म्हणाले. "मागच्या बुधवारी. जेवणाच्या सुट्टीआधी. ही दोघं चहा पीत होती आणि वरून चार-पाच ठोके आले. मी मनात म्हटलंसुद्धा, की वर चालतंय आणि हे पत्रांचं काय घेऊन बसलेत."

मी भाग पुन्हा लावला. चहा, पत्रं, कपबशीचा आवाज. पावलं कुठेच नव्हती.

त्यांचा नियम साधा होता. उजव्या कानात येईल ते पुस्तकातलं, डाव्या कानात येईल ते यंत्राचं. ठोके फक्त उजव्या कानात आले. डावा कान गप्प होता. म्हणजे ठोके पुस्तकातले. सव्वीस वर्षं ज्या कानावर भरवसा ठेवला, त्यानं काही नाही म्हटलं, मग शंका घ्यायची कशाला?

"साहेबांना आत्ताच फोन करा," मी म्हणाले.

"काय सांगू? पुस्तकात नसलेले ठोके ऐकले म्हणून?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "निवृत्तीला चौदा महिने राहिलेत माझे. एका कानाचा ऑपरेटर कुणी ठेवत नाही. आणि ठेवूही नये. उद्या मीच शोधतो कुठलं आहे ते. एक दिवस दे मला. आईला बोलू नकोस."

मी मान हलवली. आजवर घाबरून मी जेवढ्या गोष्टी केल्या, त्यात ही सगळ्यात वाईट.

सकाळी आई नेहमीसारखी हातमोजे शोधत होती. एक सापडला, दुसरा सापडेना, तर मलाच बोलणी. मी तो खुर्चीखालून काढून दिला. देताना वाटलं, देऊच नये. आज जाऊ नकोस म्हणावं, पोटात दुखतंय म्हणावं, काहीही सांगावं. पण त्या भिंतीपलीकडे फक्त तीच नाही. अजून एकोणचाळीस जणी आहेत, त्यांचे हातमोजे मी कुठे लपवणार? ती दारातून म्हणाली, "अशी काय बघतेस? पैसे हवेत का?" आणि गेली.

मी कंपनीत जाऊन मीटर तपासायला बसले. त्या दिवशी एकच मीटर मी चार वेळा तपासला. फोन समोर उलटा ठेवला होता आणि दर मिनिटाला सुलटा करत होते.

पुढचं मला बाबांनी थोडं सांगितलं, आईनं बरंच.

बाबांनी फोन घरीच ठेवला होता. स्टुलावर बसलेच नाहीत. उजवा कान यंत्रांकडे करून सकाळभर उभे राहिले. साडेअकराच्या सुमारास ताज्या मटारची गाडी आली, माल आत गेला, आणि तिन्ही यंत्रांवर एकदम भार आला. पाच मिनिटांत ठोका आला. मग दुसरा. त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. बंद पेटीत कुणीतरी हातोडी मारत होतं.

पण कुठल्या पेटीत?

आवाज कुठून आला हे कळायला दोन्ही कान लागतात. एका कानाला आवाज कळतो, दिशा कळत नाही. बाबांना तोवर हे माहीत नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती. ते एक नंबरकडे धावले, ठोका तिथेच वाटला. दोनकडे गेले, तिथेही तसंच. स्क्रूड्रायव्हर लावला, तर तिन्ही यंत्रं एकाच चौथऱ्यावर, एकाच नळीला जोडलेली. ठोका तिघांच्याही अंगातून येत होता. त्यांच्या मनानं दोन नंबर धरला. दोन नंबर नेहमी खोड्या काढायचं. हात त्याच्या बटणावर गेला.

आणि तिथेच थांबला. कारण दोन बंद केलं आणि ते दोन नसलं, तर त्याचा भार उरलेल्या दोघांवर जाणार. म्हणजे जे फुटायला आलंय त्याच्याच घशात आणखी ओतलं जाणार. बाबा सांगतात, तो हात तिथे किती वेळ होता ते त्यांना माहीत नाही. भिंतीपलीकडून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. बहुतेक आई चोविसावा भाग स्वतःच्या मनानं रचून सांगत होती, कारण खरा तिला मिळालाच नव्हता.

बाबांनी तिन्ही यंत्रं बंद केली आणि भोंगा दाबला.

सव्वीस वर्षांत तो भोंगा फक्त तपासणीच्या दिवशी वाजला होता. चाळीस बायका आहेत तशा, हातमोज्यांना मटार चिकटलेले, आवारात येऊन उभ्या राहिल्या. एकीनं आईला विचारलंसुद्धा, "वरच्या मजल्यावरचा खाली उतरला वाटतं?" दोघी-तिघी हसल्या. बाबा बाहेर आले आणि त्यांचा चेहरा पाहून हसणं बंद झालं.

मेकॅनिकनं दीड तासानं यंत्र उघडलं. तीन नंबरची झडपेची पट्टी अर्ध्यापर्यंत चिरली होती. "दोन नंबर बंद केलं असतं तर यानं तिथल्या तिथे जीव सोडला असता," तो म्हणाला. चिरेच्या कडा बोटानं चाचपून त्यानं पुढचंही सांगितलं. "एका दिवसाचं काम नाही हे. महिनाभर तरी वाजत असणार, माल आत येताना. पाच-दहा मिनिटं."

मॅनेजर खूश होते. त्यांनी सगळ्यांसमोर बाबांच्या पाठीवर हात ठेवला. "मी यांना वाचायला बंदी केली, पण यांच्या कानांना तोड नाही. आज यांच्या कानांमुळे आपण सगळे उभे आहोत."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. आई म्हणते, तिला वाटलं बाबा लाजतायत, म्हणून खाली बघतायत. आता फक्त गप्प राहायचं होतं. मान हलवायची, चहा घ्यायचा, आणि चौदा महिने काढायचे. मेकॅनिकच्या "महिनाभर" कडे कुणाचं लक्षही नव्हतं.

"साहेब," बाबा म्हणाले, "कुठलं यंत्र वाजतंय ते मला कळलं नाही. म्हणून तिन्ही बंद केली."

"चांगलंच केलंत की."

"ते नाही. मला कळलं नाही, कारण मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. कधीपासून ते माहीत नाही. आणि उजव्या कानात मी आठ महिने पुस्तक घालून बसत होतो. हा महिनाभर वाजत होता. मी ऐकत होतो, आणि मला वाटत होतं गोष्टीत वाजतंय."

 मॅनेजरांचा हात बाबांच्या पाठीवरून निघाला. आई तेव्हा बाबांच्या डाव्या बाजूला उभी होती. ती काहीतरी म्हणाली. काय ते तिनं मला कधी सांगितलं नाही. बाबांनी मान वळवली नाही. ती पुन्हा म्हणाली, तरी नाही. मग, आईच्याच शब्दांत, तिला एकेक जेवण आठवायला लागलं. ती त्यांच्या मागून फिरून उजवीकडे गेली आणि तेच तिसऱ्यांदा म्हणाली.

डॉक्टरांनी सांगितलं, कान हळूहळू, कित्येक वर्षं जात होता. यंत्राकडे धरलेली तीच बाजू. मॅनेजरांनी बाबांना कामावरून काढलं नाही, गेटवर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. आई आता जेवायला उजवीकडे बसते आणि पूर्वीपेक्षा जास्त बोलते. मी तीन यंत्रांना तीन सेन्सर लावून द्यायचं म्हटलं, मॅनेजर हो म्हणाले, आणि ते लागलेही. तरी साडेअकराला मी हातातलं काम थांबवते. गाडी आत येत असेल, माल उतरत असेल. पंधरा मिनिटं झाली आणि फोन वाजला नाही, की पुढचा मीटर घेते.

ते पुस्तक तेविसाव्या भागावरच थांबलंय. वर कोण चालत होतं ते बाबांना कळून घ्यायचं नाही, आणि आईला तर बाकीच्या जणींना सांगायची चोरी झाली, म्हणून तिनं जोडप्याला घर बदलायला लावून गोष्ट संपवून टाकली.

पण ॲप बाबांनी काढलेलं नाही. मशीनरूममध्ये आता एक तिशीतला ऑपरेटर आहे, दोन मुलांचा बाप. पहिल्याच दिवशी बाबा आत गेले, ते स्टूल खळग्यांतून उचललं आणि फिरवून ठेवलं, यंत्रं उजवीकडे येतील असं. सांगितलं, दर महिन्याला हे फिरवायचं. आणि दर सोमवारी पाळी सुरू व्हायच्या आधी बाबा त्याला गेटवर थांबवतात. तो कंटाळतो, मागचा गाडीवाला घाईनं हॉर्न वाजवतो, पण बाबा हलत नाहीत. फोन काढतात, आवाज अगदी बारीक करतात आणि इयरफोनचं टोक त्याच्या हातात देतात.

"काय म्हणतेय ती?"

"म्हातारा जिन्यापाशी उभाय म्हणते."

"बरं. आता दुसऱ्या कानात घाल."